खरपुडीचं सोवळं

सोलापुरातल्या एका कॉलेजात सत्त्याहत्तर साली सिद्राम सरवदे नावाचा शिपाई होता, आणि त्याला माणसं अडवायचा नाद लागला होता. नाद कसला, व्यसनच म्हणा. वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या बाजूला एक खोली होती. तिच्या दाराशी तो स्टूल टाकून बसायचा आणि कुणी व्हरांड्यात वळलं रे वळलं की हात आडवा करून म्हणायचा, "लांबनं. शिवू नका." प्राध्यापक असो, हेडक्लार्क असो, टपाल घेऊन आलेला पोस्टमन असो, सगळ्यांना एकच हुकूम. म्हणताना त्याला इतकं हसू यायचं की मिशी थरथरायची. हसू दाबायला तो खोकायचा, आणि खोकला की स्वतःच उठून दारापासून लांब पळायचा, कारण खोकणाऱ्याला त्या दारापाशी उभं राहायची बंदी होती. ती बंदीही त्यानंच घातलेली.

भल्या माणसाला असं खूळ का लागावं, हे कळायला आधी सिद्राम माहीत पाहिजे. गडी शिडशिडीत, वय तिशी ओलांडलेलं, राहायला बुधवार पेठेत. मूळ गाव मोहोळजवळचं. तिथं यांचं घर गावाबाहेर. आई विठाबाईनं छप्पन साली बौद्ध धर्म घेतला आणि पोराचा हात धरून तडक सोलापूर गाठलं. तोवर "शिवू नको" हे शब्द सिद्रामनं इतके ऐकले होते की आपलं नाव आधी ऐकलं की ते आधी ऐकलं, हे त्याला सांगता आलं नसतं. शहरात ते शब्द कमी झाले. गेले म्हणाल तर गेले नाहीत. कॉलेजात दरवर्षी सरस्वतीपूजनाची मांडामांड एकेका शिपायाकडे यायची, सिद्रामकडे कधी यायची नाही. कुणी काही बोलायचं नाही, फक्त यायची नाही. सिद्रामला याचा राग यायचा, चांगला सणसणीत यायचा, पण त्याचा स्वभावच असा वात्रट की राग ओठापर्यंत येईस्तोवर त्याचं हसू झालेलं असायचं.

आता खरपुडीचं ऐका. खरपुडी म्हणजे माळावरचा एक नाजूक वेल. खाली बटाट्याएवढा कंद, वर टांगलेल्या कंदिलासारखं इवलंसं फूल. पूर्वी मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत कुठल्याही माळावर मिळायची. मेंढरं राखणारी पोरं कंद उकरून कच्चाच खायची. बहात्तरचा दुष्काळ आला आणि पोरांच्या जोडीला मोठीही माणसं कुदळ घेऊन बसली. भुकेला माणूस कंद खाईल नाहीतर काय करील? उरल्यासुरल्या माळांवर खडी फोडायची कामं निघाली. पुढं पाऊस झाला, गवत आलं, बाभळी आल्या, खरपुडी काही आली नाही.

विभागात हिंदुराव सर म्हणून करमाळ्याकडचे एक प्राध्यापक होते. देहानं पैलवान, मनानं हळवे. झाड वाळलं तरी यांना जेवण जायचं नाही. खरपुडी शोधायला त्यांनी सिद्रामला बरोबर घेऊन दोन पावसाळे माळ तुडवले. सापडेना. शेवटी एका सकाळी सर हताश होऊन दगडावर बसले आणि सिद्राम डबा घेऊन झुडपाआड गेला. बसतो न बसतो तोच समोर, अगदी नाकासमोर, कंदील. गडी तसाच ओरडत उठला. धोतर सावरायचं की सरांना बोलवायचं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं दोन्ही एकदम केलं. सर धावत आले, फूल बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघं त्या माळावर एकमेकांना मिठी मारून नाचले. अर्धं धोतर सुटलेलं आहे याची आठवण दोघांनाही नंतर झाली.

एक कंद सापडला म्हणून खरपुडी वाचत नाही. पण सर पुण्याला जाऊन बाटलीत झाडं वाढवायची विद्या शिकून आले होते. वेलाचा पेरापाशी नखाएवढा तुकडा कापायचा, औषधी पाण्यात धुवायचा आणि बाटलीत चायना ग्रासच्या जेलीवर बसवायचा. जेलीत साखर, क्षार आणि नारळाचं पाणी. तोंडाला कापसाचा बोळा. तुकड्याला कोंब फुटले की त्या कोंबांचे पुन्हा तुकडे, पुन्हा बाटल्या. एका वेलाचे हां हां म्हणता शंभर होतात. मेख एकच. जे खाऊन खरपुडी वाढते तेच खाऊन बुरशी दसपट वाढते, आणि बुरशी कशी येते तर हवेतून, हातावरून, धुळीतून, शिंकेतून. म्हणून बाटल्या उकडून घ्यायच्या, पाणी उकळून घ्यायचं, कपडे उकळून घ्यायचे, आणि काम स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीशेजारी करायचं. बाटल्या उकडायला मोठं यंत्र लागतं. ते नव्हतं, म्हणून सरांच्या घरचा कुकर आला. सरांच्या घरी तेव्हापासून डाळ पातेल्यात शिजू लागली आणि त्यावरून सरांना जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

पहिली खेप पार वाया गेली. का जाणार नाही? बाटलीत झाड वाढतंय म्हटल्यावर अख्खं कॉलेज बघायला लोटलं. प्रत्येकानं बाटली उचलली, प्रत्येकानं बोळा काढून वास घेतला, एकानं तर आत फुंकर मारली, झाडाला बरं वाटावं म्हणून. आठवड्याभरात सगळ्या बाटल्यांना पांढऱ्या मिशा फुटल्या.

सरांनी सगळ्या लोकांना व्हरांड्यात गोळा केलं. जंतू सांगून झाले, बुरशी सांगून झाली, फळ्यावर चित्रंही काढली. लोक मान डोलावत होते आणि कुणालाही काहीही कळलेलं नव्हतं. शेवटी सर वैतागून म्हणाले की बाबांनो, ही सोवळ्याची खोली आहे असं समजा. आत जायचं नाही, शिवायचं नाही, आणि इथलं सोवळं सिद्राम सांभाळणार.

क्षणात सगळ्यांना सगळं कळलं. अहो, जंतू कुणाच्या बापानं पाहिलेत, पण सोवळं कुणाला सांगावं लागतं? माणसं आपसूक दोन पावलं मागं सरली. आणि मग एकेकाची मान हळूहळू वळली ती सिद्रामकडे. सोवळं, आणि सिद्राम सांभाळणार. सर भाबडे, त्यांना आपण काय बोलून बसलो याचा पत्ता नव्हता. सिद्रामला होता. त्याच्या पोटात हसू असं उसळलं की त्याला भिंत धरावी लागली.

तेव्हापासून गड्याचे पाय जमिनीवर ठरेनात. हेडक्लार्क सिद्धाप्पा हातात जानवं गुंडाळून बोलणारा माणूस, त्याला सिद्राम चपला काढायला लावून वर म्हणायचा की सावली पण जरा पलीकडं घ्या की. सावलीनं बुरशी येत नाही हे सिद्रामला पक्कं ठाऊक होतं. पण एवढी चैन त्यानं करून घेतली, आणि का करू नये? प्राचार्यांना तीनदा हात धुवायला लावले. घरी तर ताळच सुटला. अंगणात दोरीवर उकळलेला ॲप्रन वाळत घालून तो बायकोला, पारूबाईला, म्हणाला की त्याला शिवायचं न्हाई हं, सोवळ्यातला हाय. पारूबाई चुलीपुढं बसल्या जागी हसत सुटली. हसता हसता आमटी करपली. मग तिनं तो ॲप्रन चिमट्यानं उचलून नवऱ्याच्या अंगावर टाकला आणि सांगितलं की देवा, तुमचं सोवळं तुमीच धुवा. पेठेत ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. संध्याकाळी नळावर बायका सिद्रामला बघून पदर सावरत बाजूला व्हायच्या, "सरा गं, सोवळं आलं," म्हणायच्या आणि हसून हसून लोळायच्या. सिद्रामही त्यांच्यातून राजासारखा चालत जायचा.

पण दुसरी खेप लागली. वीस-पंचवीस बाटल्यांत हिरवे कोंब तरारले, बोटाएवढे झाले, जोडीजोडीनं पानं आली. सिद्राम रोज सकाळी दाराच्या काचेतून त्यांना बघायचा आणि दिवसभर शीळ घालायचा.

तेवढ्यात व्हायचं ते झालं. मूळचा कंद कुंडीत लावला होता, विभागाच्या पायरीवर. माळरानाचं झाड ते, त्याला तहान सोसते, लाड सोसत नाहीत. आणि आपल्याकडची माणसं सोलापूरच्या उन्हातून येणारी, कुंडी दिसली की घोटभर पाणी घालणारी. जो तो मायेनं घालून गेला. कंद आतून कुजला. सर आणि सिद्राम पुन्हा त्या माळावर गेले, तर माळाची जागा खाणीनं खाल्लेली, नुसता खडीचा डोंगर. परतीच्या एसटीत सर खिडकीबाहेर बघत बसले. आता त्यांच्या माहितीत जगात जेवढी खरपुडी होती तेवढी त्या बाटल्यांत होती. एका कोंबाला धूळ लागली, की तो गेला. सगळ्यांना लागली, की सगळी खरपुडी गेली.

आणि नेमकं तेव्हाच अण्णारावांना यायचं होतं.

अण्णाराव म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. अक्कलकोटकडचे बडे जमीनदार, सत्तरी ओलांडलेले, मनाचे वाईट नव्हेत, पण जुन्या वळणाचे म्हणजे अगदी कडक जुने. घरात मराठी, शेतात कन्नड आणि देवघरात कुणाशीच बोलायचं नाही, असा त्यांचा दिवस. सिद्धाप्पानं त्यांच्या कानावर घातलं की आपल्या कॉलेजात एक खोली अशी आहे जिथं कडक सोवळं पाळतात. म्हाताऱ्याला धन्य वाटलं. हल्लीच्या कॉलेजांत पोरं काय काय खातात हे ऐकून ते हवालदिल झालेले, आणि इथं सोवळं! त्यांनी निरोप धाडला की मी येतो, झाडाची पूजा करतो, आणि बाटली उघडून माझ्या हातानं त्याच्या अंगाला हळद-कुंकू लावतो. सोवळं कोण सांभाळतो, हे सिद्धाप्पा सांगायला विसरला होता. विसरला होता असंच आपण म्हणू.

बाटली उघडून हळद-कुंकू! हिंदुराव सरांच्या तोंडचं पाणी पळालं. नाही कसं म्हणायचं? सिद्रामची नोकरी हंगामी होती, दर जूनला अण्णारावांच्या सहीनं पुढं सरकायची. त्यात काळजीनं सरांना पडसं झालं. आणि पडसं झाल्याबरोबर सिद्रामनं त्यांनाच खोलीत यायची बंदी केली. सर बिचारे आंब्याच्या झाडाखाली रुमाल नाकाला लावून उभे राहिले. म्हणजे ज्या दिवशी अध्यक्ष आले त्या दिवशी दारात एकटा सिद्राम होता.

अण्णाराव मोटारीतून उतरले. उघडं अंग, कपाळाला गंध, कमरेला रेशमी मुकटा. घरून आंघोळ करून, पूजेचं हे रेशमी वस्त्र नेसून, वाटेत कुणालाही न शिवता ते आले होते. चालक मोटारीचं दार उघडून लांब सरकला होता. मागून सिद्धाप्पा चांदीचं तबक घेऊन. तबकात हळद, कुंकू, नारळ आणि धूर सोडणाऱ्या उदबत्त्या. सोवळ्याच्या खोलीत जायचं तर सोवळ्यानंच जायला हवं, हे त्यांच्या बाजूनं अगदी बरोबर होतं. मे महिन्याचं ऊन भाजत होतं, म्हाताऱ्याच्या छातीवरून घाम ओघळत होता, पण चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद होता.

दाराशी येऊन त्यांनी सिद्रामकडे पाहिलं. त्यांना त्याचं गाव-घर सांगायची गरज नव्हती, त्या वयाच्या माणसांना ते बघून कळायचं.

"बाजूला हो," ते म्हणाले. "शिवशील."

सिद्राम हलला नाही. त्याच्या मागं काच होती आणि काचेमागं बाटल्या. त्याच्या मनात जून महिना आला, पारूबाई आली, आणि तरी त्याचा हात सवयीनं आडवा झाला.

"तुमीच थांबा, साहेब," तो म्हणाला. "शिवशिला."

आंब्याखाली सर शिंकले.  दोन सोवळी एका दारात समोरासमोर उभी होती आणि कुणी मागं सरायला तयार नव्हतं. 

अण्णाराव गोंधळून आपल्या मुकट्याकडे बघायला लागले. मग सिद्राम बोलायला लागला, आणि एकदा लागला की तो थांबत नसे. हा मुकटा ट्रंकेत असतो, त्याला कुणी उकळत नाही, याच्या घडीघडीत धूळ. ही उदबत्ती म्हणजे राख. हळद-कुंकू म्हणजे भुकटी. बाटली उघडून लावलं की चार दिवसांत कोंब काळा पडणार. कंद गेला, माळ गेला, आता एवढीच राहिलीय. उरलेलं सांगताना त्याचा आवाज चिरकला आणि त्यानं ते लपवलं नाही. नोकरी घ्या, म्हणाला, पर बाटली उघडू नका.

 अण्णारावांनी काचेतून आत डोकावून पाहिलं. त्यांच्या रानात ही उदंड होती म्हणे, लहानपणी धनगराच्या पोरांबरोबर चोरून खाल्लेली. किती वर्षांत दृष्टीस पडली नव्हती. "नुसतं जवळून बघायचं म्हटलं तर?" त्यांनी विचारलं, आणि आवाज अध्यक्षांचा नव्हता.

त्याला रीत होती. तबक बाहेर राहणार. आधी साबण, कोपरापर्यंत. मग उकळून निववलेलं पाणी, आणि ते वरून घालायचं, कारण किटली हाताला लागली की किटली बाटली. अण्णाराव व्हरांड्याच्या कडेला ओणवे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. सिद्राम पायरीवर उभा राहिला, किटली उंच धरली आणि धार सोडली.

आणि त्याच्या पोटात सकाळपासून खदखदणारं हसू एकदम थांबलं. ही ओंजळ त्यानं पाहिली होती. विहिरीच्या कट्ट्याखाली त्याची आई अशीच ओणवी व्हायची. वर कुणीतरी उभं असायचं, त्याच्या मनाला येईल तेव्हा धार सोडायचं, मनाला येईल तेव्हा थांबवायचं, आणि आई तोंड वर करून बघायची नाही. सिद्रामनं धार थांबवली असती तर म्हातारा तसाच ओणवा राहिला असता. किटली त्याच्या हातात होती.

अण्णारावांनी मान वर केली. त्यांच्या घरच्या विहिरीवरही असं कुणीतरी वर उभं असणार आणि कुणीतरी खाली. त्यांनी सिद्रामकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ओंजळ मात्र त्यांनी मागं घेतली नाही.

सिद्रामनं धार तोडली नाही. साबणाचा थेंब राहिला नाही तोवर, कोपरापर्यंत, नीट पाणी घातलं. मग उकळलेला ॲप्रन त्यांच्या उघड्या अंगावर चढवला. धुतलेले हात कशाला लागायला नकोत म्हणून अण्णाराव ते समोर धरून उभे राहिले, आणि मानेमागच्या नाड्या सिद्रामनं बांधल्या. त्याची बोटं त्यांच्या ओल्या मानेला लागली. सगळा व्हरांडा बघत होता.

"आता?" अण्णारावांनी हळूच विचारलं. "मी चालतो का?"

"चालतंय की," सिद्राम म्हणाला. त्याचं हसू परत आलं होतं, पण डोळे भरले होते. "हितलं सोवळं लई सोपं हाय, साहेब. हात धुतलं की आत येता येतंय. आमच्या आईनं जन्मभर हात धुतलं, तिला कुनी आत ये म्हनलं न्हाई. तुमी या."

त्यानं दार उघडलं. अण्णाराव खांदे आखडून, आपलं अंग कशालाही लागू नये म्हणून तिरके होऊन, जपून आत शिरले.